उत्तुंग खेळ की अखंड खेळ?



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापून आला तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांला भररस्त्यात गाठले. म्हणाले, "वसंतात बोलायचे ते ज्ञानेश्वरीवर बोलावे, अंदाजपत्रकावर बोलावे. हा काठीने गोट्या ढकलण्याचा खेळ तुम्हांला कुठून सुचला?" आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात ज्या १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण गोऱ्या अधिकाऱ्याने स्नूकरचा खेळ शोधून काढला, असे मानले जाते. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) दोघांचे जन्मसाल एक आणि देशही एक. तेव्हा सख्ख्या नाही तरी चुलत भावंडाची चौकशी या व्यासपीठावरून एकदा व्हायला हरकत नसावी. स्नेही आज पहिल्या रांगेत बसलेले दिसत आहेत, त्यांचे आभार.

पुढे उटीच्या क्लबात या खेळाचे नियम लिहिले गेले, तो विलायतेला गेला आणि वाढला तो तिथेच. म्हणून आज बोलायचे ते मुख्यत्वे इंग्लंड-स्कॉटलंडच्या आणि बेलफास्टच्या माणसांविषयी. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकले ते बिलियर्ड्सचे. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे. दहा मिनिटांत त्यांना उरकणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

प्रश्न असा आहे. थोर खेळाडू कोणाला म्हणावे? ज्याच्या उत्तम दिवसाची बरोबरी कोणालाच करता येत नाही त्याला, की ज्याचा रोजचा खेळच असा असतो की त्याच्यापुढे कोणाचे चालत नाही त्याला? हा वाद सर्वच कलांत आहे. गाण्याच्या बैठकीतून परतताना आपण तो घालतच असतो. एक म्हणतो, "त्या रात्रीचा मालकंस पुन्हा होणे नाही." दुसरा म्हणतो, "अहो, पण त्यानंतरच्या सात बैठकी फुकट गेल्या त्यांचे काय?" गाण्यात हा वाद मिटत नाही, कारण तिथे आकडे नाहीत. स्नूकरमध्ये आकडे आहेत; तरीही तो मिटत नाही, ही त्यातली गंमत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बारा फूट लांब, सहा फूट रुंद हिरव्या बनातीचे टेबल, त्याला सहा खिसे. वर पंधरा लाल चेंडू, सहा रंगीत आणि एक पांढरा. काठी लावायची ती पांढऱ्यालाच. एक लाल खिशात घालायचा, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. लालचा एक गुण, काळ्याचे सर्वांत अधिक म्हणजे सात. लाल संपेपर्यंत रंगीत चेंडू खिशातून काढून पुन्हा टेबलावर ठेवतात. प्रत्येक लालनंतर काळाच घातला आणि शेवटी सगळे रंग क्रमाने साफ केले, तर एकशेसत्तेचाळीस गुण होतात. ते या खेळाचे कैलासशिखर. अशा एका डावाला फ्रेम म्हणतात, आणि शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात १९७७ पासून होत आलेल्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना असतो पस्तीस फ्रेमांचा. अठरा आधी जिंकेल तो अजिंक्य.

पण खरी गोष्ट याहून वेगळी आहे. चेंडू चुकला की तुम्ही खुर्चीवर जाऊन बसायचे. समोरचा चुकेपर्यंत बसायचे. टेनिसमध्ये प्रतिस्पर्ध्याचा फटका निदान परतवता येतो. इथे पाणी पीत बघत राहण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणजे या खेळात तुमचे शिखर दिसायचे तर आधी दुसऱ्याने चूक करावी लागते. आणि तुमची रोजची एक बारीकशी चूक म्हणजे दुसऱ्याच्या शिखराला दिलेले आमंत्रण. शिखर आणि सातत्य यांची अशी गाठ दुसऱ्या कुठल्या खेळात इतकी घट्ट पडलेली आम्ही पाहिली नाही.

आता माणसांकडे येऊ. पहिला अर्थात बेलफास्टचा अ‍ॅलेक्स हिगिन्स. १९७२ साली पहिल्याच प्रयत्नात जगज्जेता झाला आणि दुसऱ्यांदा झाला तो थेट १९८२ साली. मधल्या दहा वर्षांत दारू, भांडणे, दंड आणि अधूनमधून डोळे दिपवणारा खेळ. १९८२ च्या उपान्त्य सामन्यात त्याच्यासमोर नुकतीच विशी गाठलेला जिमी व्हाईट होता. व्हाईट १५-१४ ने पुढे. आणखी एक फ्रेम मिळाली की तो अंतिम फेरीत. त्या फ्रेममध्ये त्याचे गुण एकोणसाठ, हिगिन्सचे शून्य. तिथे व्हाईट चुकला आणि हिगिन्स खुर्चीवरून उठला.

नंतर त्याने केलेला एकोणसत्तरचा ब्रेक आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात. आम्हीही पाहतो, किती वेळा ते घरच्यांना विचारू नये. आकड्याने तो मोठा नाही. आज कोणताही बरा व्यावसायिक शंभराचा ब्रेक सहज करतो. पण एकोणसत्तरच्या त्या ब्रेकमध्ये पांढरा चेंडू दर दोन फटक्यांनी भलत्याच जागी जाऊन बसत होता. उत्तम खेळाडू पुढच्या फटक्यासाठी पांढऱ्याला सोयीची जागा ठरवून देतो. हिगिन्सला ते त्या दिवशी जमत नव्हते. म्हणून प्रत्येक चेंडू अवघड कोनातून, अंग वाकडे करून, श्वास रोखून त्याला घालावा लागला, आणि त्याने तो घातला. फ्रेम जिंकली, त्यानंतरची निर्णायकही जिंकली आणि अंतिम सामन्यात रे रिअर्डनला हरवून, मुलीला कडेवर घेऊन तो रडला. बारकाईने पाहिले तर तो ब्रेक म्हणजे चुकांची मालिका आहे आणि प्रत्येक चुकीवर केलेली मात आहे. रोजच्या खेळात जो चुकत नाही त्याच्या वाट्याला असा ब्रेक येतच नाही, कारण त्याला त्याची गरजच पडत नाही! शिखराची मोहिनी आपल्यावर पडते तेव्हा तिच्यात अशी थोडी फसवणूक असते, हे मान्य केले पाहिजे.

त्याच काळात लंडनच्या प्लमस्टेडचा स्टीव्ह डेव्हिस होता. बापाने त्याला शिकवले ते जुन्या जो डेव्हिसच्या पुस्तकावरून. दोघांचे आडनाव एक, नाते काही नाही. हा जो १९२७ पासून १९४६ पर्यंत पंधरा वेळा जगज्जेता झाला आणि त्या स्पर्धेत एकदाही हरला नाही. ऐकायला हे अलौकिक वाटते. पण १९३१ साली त्या स्पर्धेत खेळाडू होते अवघे दोन. सातत्याचे आकडे ऐकताना समोर कोण होते हे विचारावे, ते यासाठी.

स्टीव्ह डेव्हिसच्या समोर मात्र बरेच जण होते. १९८१ ते १९८९ या नऊ वर्षांत तो आठ वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि सहा वेळा जिंकला. जगात पहिला क्रमांक सलग सात मोसम त्याचाच. १९८२ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर पहिला एकशेसत्तेचाळीस त्याने केला. म्हणजे शिखर नव्हते असेही नाही. तरी लोकांना तो आवडत नसे. चुकत नाही, चिडत नाही, हसत नाही. विनोदी कार्यक्रमांत त्याच्या कंटाळवाणेपणाची टिंगल होई. आणि दैव पाहा, लोकांच्या स्मरणात तो कशासाठी राहिला? १९८५ च्या अंतिम सामन्यात ८-० ने पुढे असताना डेनिस टेलरने त्याला गाठले. पस्तिसाव्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत टेलर एकदाही पुढे नव्हता. मध्यरात्र उलटून गेलेली, ब्रिटनमध्ये एक कोटी पंचाऐंशी लाख माणसे जागी. डेव्हिसला काळा बारीक कापून खिशात घालायचा होता. तो चुकला. टेलरने घातला. सहा विजेतेपदे मिळवणाऱ्या माणसाची ओळख एका चुकलेल्या चेंडूने व्हावी, हे आम्हांला कधीच न्याय्य वाटलेले नाही. पण ज्याची चूक बातमी ठरते त्याचे बाकीचे दिवस कसे असतील, याचा अंदाजही त्यावरून येतो.

इथे थोडा हिशेब करू. समजा, दोन खेळाडूंपैकी एक इतका सरस आहे की शंभर फ्रेमांत साठ जिंकेल. त्यांना सात फ्रेमांच्या छोट्या सामन्यात उतरवले तर सरस खेळाडू शंभरांपैकी सुमारे एकाहत्तर सामने जिंकेल. एकोणतीस वेळा दुसरा. तेच दोघे पस्तीस फ्रेमा खेळले तर सरस खेळाडू अठ्ठ्याऐंशीच्या वर सामने जिंकतो. आज वर्षभर होणाऱ्या पुष्कळशा स्पर्धांच्या पहिल्या फेऱ्या सातच फ्रेमांच्या असतात. तिथे एका दुपारचे शिखर पुरते. क्रूसिबलमध्ये सतरा दिवस टिकावे लागते आणि अंतिम सामना दोन दिवस चालतो. दोन दिवस शिखरावर कोणालाच राहता येत नाही. म्हणून या खेळाच्या थोरवीचे मोजमाप करताना आम्ही एक तिसरी गोष्ट विचारतो: याचा तळ कुठे आहे? वाईट दिवशी, हात चालत नसताना, याचा खेळ किती खाली जातो? हिगिन्सचा तळ दिसत नसे इतका खोल होता. डेव्हिसचा तळ म्हणजे दुसऱ्याचा माथा.

आता तो दुर्दैवी जिमी व्हाईट. डावखुरा, देखणा खेळ, लोकांचा गळ्यातला ताईत. त्याचे नाव नेहमी 'शिखरवाल्यां'च्या यादीत घालतात. १९९२ साली क्रूसिबलमध्ये एकशेसत्तेचाळीस केल्यामुळे तसे म्हणायला आधारही आहे. पण त्याचा हिशेब पाहा. १९८४ साली अंतिम सामना, आणि मग १९९० ते १९९४ सलग पाच अंतिम सामने. सहाच्या सहा हरला. सलग पाच वर्षे जगातल्या शेवटच्या दोघांत राहणे याला सातत्य म्हणायचे नाही तर कशाला? आमच्या मते व्हाईट हा अत्यंत सातत्यवान खेळाडू होता. त्याला कमी पडले ते एक शिखर, आणि तेही ठरावीक संध्याकाळी. उलट जो जॉन्सन १९८६ साली डेव्हिसला हरवून एकदाच जगज्जेता झाला. त्याचे नाव विजेत्यांच्या यादीत कोरलेले आहे, व्हाईटचे नाही. तरी 'थोर कोण' असे विचारले तर जॉन्सनचे नाव घेणारा माणूस आम्हांला अजून भेटलेला नाही. अनुक्रमणिका आणि लोकमत यांचे इथे जमत नाही, आणि आम्हांला वाटते लोकमत बरोबर आहे.

व्हाईटला चार वेळा आडवा आला तो स्कॉटलंडचा स्टीफन हेन्ड्री. १९९० साली एकविसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला. इतक्या लहान वयात त्याच्या आधी कोणी झाले नव्हते आणि नंतरही झालेले नाही. पुढे १९९२ ते १९९६ सलग पाच वर्षे आणि १९९९ साली सातव्यांदा. १९९२ च्या अंतिम सामन्यात व्हाईट १४-८ ने पुढे होता. हेन्ड्रीने ओळीने दहा फ्रेमा जिंकल्या. दहा! व्हाईटने खुर्चीवर बसून काय विचार केले असतील ते त्याचे त्यालाच ठाऊक. १९९४ साली दोघे १७-१७. स्पर्धेच्या मध्येच पडून हेन्ड्रीच्या कोपराच्या हाडाला तडा गेलेला होता, आणि व्हाईटचा त्या दिवशी बत्तिसावा वाढदिवस. शेवटच्या फ्रेममध्ये व्हाईट पुढे होता, चेंडू पसरलेले होते, आणि समोर होता एक साधा काळा, जो त्याने आयुष्यात हजारो वेळा घातला असेल. तो चुकला. हेन्ड्री उठला आणि टेबल साफ करून अजिंक्यपद घेऊन गेला. हात जायबंदी असतानाही!

हेन्ड्रीला लोक यंत्र म्हणत. आठ वर्षे सलग तो जगात पहिला होता, तेव्हा म्हणणे वावगे नव्हे. पण या यंत्राचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९९९ नंतर त्याचा हातच त्याचे ऐकेनासा झाला. काठी पुढे ढकलण्याच्या क्षणी मनगट अडखळे. सरावात येणारे फटके सामन्यात येईनात. २००२ साली अंतिम सामन्यात पीटर एब्डनकडून १७-१८ असा हरला, आणि मग उतरणच लागली. २०१२ साली क्रूसिबलमध्ये पहिल्याच दिवशी त्याने एकशेसत्तेचाळीस केला. दहा दिवसांनी स्टीफन मॅग्वायरकडून १३-२ असा हरला आणि त्याच दिवशी निवृत्ती जाहीर केली. काही वर्षांनी परत आला, पण ते परतणे नावापुरते. या घटनेवर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आपली समजूत अशी असते की वय झाले की शिखर आधी ढासळते आणि अनुभवाच्या बळावर साधारण खेळ टिकतो. हेन्ड्रीचे उलटे झाले. शिखर शेवटच्या आठवड्यापर्यंत जागच्या जागी होते. खचला तो तळ.

आणि आता ज्याच्या नावाशिवाय हा विषय पुरा होत नाही तो रॉनी ओ'सलिव्हन. १९९७ साली क्रूसिबलमध्ये त्याने एकशेसत्तेचाळीस केला तो पाच मिनिटे आठ सेकंदांत. छत्तीस फटके, फटक्याला नऊ सेकंदही नाहीत. टेबलाभोवती तो चालत नव्हता, वाहत होता. त्याच्याइतके उंच कोणी गेले नाही, हे त्याचे प्रतिस्पर्धीसुद्धा मानतात. पण त्याचे वाईट दिवसही तसेच गाजलेले. २००५ साली एब्डनविरुद्ध तो ८-२ ने पुढे होता. एब्डनने खेळ इतका संथ केला की एका वेळी बारा गुण करायला त्याने पाच मिनिटांहून अधिक वेळ घेतला. म्हणजे ओ'सलिव्हनच्या अख्ख्या एकशेसत्तेचाळीसाला लागला त्याहून जास्त. ओ'सलिव्हनने खुर्चीवरून एका प्रेक्षकाला किती वाजले म्हणून विचारले. तो सामना तो १३-११ ने हरला. पुढच्या वर्षी हेन्ड्रीविरुद्ध सतरा फ्रेमांच्या सामन्यात १-४ ने मागे असताना फ्रेमच्या मधोमध हात मिळवून तो निघून गेला. मनाचा आजार त्याला तरुणपणापासून छळत आला, हे त्याने स्वत:च उघडपणे सांगितले आहे. तेव्हा त्या दिवसांना नुसता लहरीपणा म्हणून हसणे बरे नव्हे.

तर वाद नेहमी असा मांडला जातो: ओ'सलिव्हन म्हणजे शिखर, हेन्ड्री म्हणजे सातत्य. दोघांची जागतिक विजेतेपदे सात-सात, त्यामुळे तराजू बरोबर मध्यावर. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो. एके दिवशी साले मांडून पाहिली आणि आमचे आम्हांलाच हसू आले. हेन्ड्रीची सात विजेतेपदे १९९० ते १९९९ या नऊ वर्षांतली. ओ'सलिव्हनची २००१, २००४, २००८, २०१२, २०१३, २०२० आणि २०२२ सालची. एकवीस वर्षांवर पसरलेली. ब्रिटनमधली 'यूके' ही मोठी स्पर्धा तो पहिल्यांदा जिंकला १९९३ साली, अठरा पुरे व्हायला आठवडा असताना. आणि आठव्यांदा जिंकला २०२३ साली, अठ्ठेचाळीस पुरे व्हायला दोन दिवस असताना. त्या स्पर्धेचा सर्वांत तरुण विजेता तोच आणि सर्वांत वयस्कही तोच. २०२२ साली शेफील्डला जिंकला तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता, आणि त्याने जो विक्रम मोडला तो रिअर्डनचा होता. रिअर्डन १९७८ साली पंचेचाळिसाव्या वर्षी जगज्जेता झालेला. म्हणजे सर्वांत तरुण जगज्जेता तो 'यंत्र', आणि सर्वांत म्हातारा तो 'लहरी'. बिरुदे आपण उलटी चिकटवली होती.

यात चूक झाली ती 'सातत्य' या शब्दामुळे. त्या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. एक दाटपणा: ठरावीक काळात यश किती घट्ट विणलेले आहे. दुसरी लांबी: कापड किती वार आहे. हेन्ड्रीचे विणकाम असे की त्यातून पाणी गळू नये. पण कापड एका दशकाचे. ओ'सलिव्हनचे कापड तीस वर्षांचे, मधेच विरलेले, मधेच जर. कोणी म्हणेल, विरलेले कापड ते विरलेलेच. आम्ही म्हणतो, तीस वर्षे पुन्हा पुन्हा येऊन शिखर गाठणे हेही एक सातत्यच आहे. किंबहुना जास्त दुर्मीळ, कारण दर वेळी नवी पिढी समोर असते. १९९३ साली त्याने अंतिम सामन्यात हरवला हेन्ड्रीला. २०२२ साली हरवलेला जड ट्रम्प १९९३ साली चार वर्षांचा होता.

आणि ही लांबी त्याला आली कुठून? २००४ च्या सुमारास सत्तरी ओलांडलेला रे रिअर्डन त्याच्या मदतीला आला. पूर्वी कोळशाच्या खाणीतला मजूर, नंतर पोलीस, नंतर सहा वेळा जगज्जेता. चेंडू खिशात कसे घालावेत हे या मुलाला शिकवण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते. त्याने शिकवले ते न घालणे. समोरच्याला काही मिळू नये अशा जागी पांढरा नेऊन ठेवायचा, मग खुर्चीवर जाऊन बसायचे, वाट बघायची. त्या वर्षी ओ'सलिव्हनने अंतिम सामना १८-८ असा जिंकला. ज्याला जगातला सर्वांत उंच माथा देवाने दिला होता, त्याने एका म्हाताऱ्याकडून तळ मागून घेतला, असे आम्ही या घटनेकडे पाहतो.

जॉन हिगिन्स, मार्क विल्यम्स, मार्क सेल्बी यांच्याविषयी बोलायला वेळ उरला नाही. विल्यम्सचे एवढे सांगून टाकतो की २०२५ साली, पन्नासाव्या वर्षी, तो क्रूसिबलच्या अंतिम सामन्यात होता. तिथे त्याला चीनच्या झाओ शिनटोंगने हरवले. चीनचा तो पहिलाच जगज्जेता.

आमचे स्नेही पहिल्या रांगेतून खूण करीत आहेत: निकाल सांगा! सांगतो. थोर कोण, असे विचाराल तर ओ'सलिव्हन. त्याच्या वाईट दिवसांसकट. पण उद्या आमचा जीव एका फ्रेमवर टांगलेला असला, १७-१७ झालेले असले आणि कोणाच्या हाती काठी द्यायची हे आम्हांलाच ठरवायचे असले, तर आम्ही ती १९९४ सालच्या हेन्ड्रीच्या हाती देऊ. मोडक्या कोपरासकट.